बालगुन्हेगार आणि मरेपर्यंतची कैद : कायदा काय सांगतो, धम्म काय सांगतो

वर्तमानपत्रात एखाद्या निर्घृण गुन्ह्याची बातमी येते आणि आरोपींमध्ये सोळा-सतरा वर्षांचा एखादा मुलगा असल्याचे कळते, तेव्हा गावात सर्वत्र एकच चर्चा सुरू होते. चहाच्या टपरीवर, रेल्वेच्या फलाटावर, इतकेच काय, पण विहारातील वंदना आटोपल्यावर पायऱ्यांवरही तीच चर्चा कानी पडते. "गुन्हा करताना लहान नव्हता, मग शिक्षा भोगताना लहान कसा?" हा प्रश्न चुकीचा नाही. ज्या घरातील माणूस गेला, त्या घराचे दुःख मारणाऱ्याचे वय कळल्याने कमी होत नाही. परंतु याच चर्चेत पुढचे वाक्य येते, "अशांना मरेपर्यंत आत ठेवावे, पुन्हा बाहेरचा उजेड दाखवू नये." या दुसऱ्या वाक्याचा विचार आपण, विशेषतः तथागत बुद्धांचे व बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्यांनी, शांतपणे केला पाहिजे. आपल्या सभासदांना आणि विद्यार्थ्यांना या विषयाची नीट माहिती व्हावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

जन्मठेप आणि पॅरोल : शब्दांचा घोळ

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, हा आपल्याकडील फार मोठा गैरसमज आहे. कायद्याने जन्मठेप म्हणजे कैद्याच्या आयुष्याच्या अखेरपर्यंतची कैद. मग चौदाचा आकडा आला कोठून? ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे, त्या गुन्ह्यात जन्मठेप झालेल्या कैद्याने प्रत्यक्ष चौदा वर्षे भोगल्याशिवाय शासनाला त्याची शिक्षा माफ करून सोडता येत नाही, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४३३-अ सांगत होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कलम ४७५ मध्ये ती तरतूद आहे. म्हणजे चौदा वर्षांनंतर सुटका हा हक्क नव्हे. सुटकेचा विचार होऊ शकतो, इतकेच.

पॅरोल या शब्दाचाही असाच घोळ आहे. आपल्याकडे पॅरोल म्हणजे कैद्याला आजारपण, मृत्यू वगैरे कारणांसाठी मिळणारी रजा. शासकीय भाषेत तिला 'अभिवचन रजा' म्हणतात, आणि फर्लोला 'संचित रजा'. रजा संपली की कैदी परत तुरुंगात. अमेरिकेत मात्र पॅरोल म्हणजे कैद्याची वर्तणूक पाहून त्याला अटी घालून बाहेर सोडणे आणि उरलेली शिक्षा देखरेखीखाली बाहेर भोगू देणे. म्हणून तिकडे 'पॅरोलविना जन्मठेप' म्हणजे या माणसाच्या सुटकेचा विचार पुन्हा कधीही व्हायचा नाही. तो सुधारला काय आणि न सुधारला काय, सारखेच. आपल्याकडेही काही भयंकर गुन्ह्यांत प्रौढांना अशी 'उर्वरित नैसर्गिक आयुष्यभराची' कैद दिली जाते. प्रश्न आहे तो मुलांचा. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलासाठी हे दार कायमचे बंद करावे काय?

वर्धा रोडवरील भिंत

आपण कामानिमित्त नागपूरला जातो, तेव्हा अजनी भागात वर्धा रोडला लागून मध्यवर्ती कारागृह दिसते. त्याच कारागृहातून मार्च २०२३ मध्ये एक मनुष्य बाहेर पडला. त्याची हकिकत या विषयाचे सार सांगणारी आहे.

२६ ऑगस्ट १९९४ रोजी पुण्यात राठी कुटुंबातील सात जणांची हत्या झाली. मृतांमध्ये एक गर्भवती स्त्री आणि लहान मुले होती. सारा महाराष्ट्र हादरला. तीन आरोपींपैकी एक माफीचा साक्षीदार झाला. उरलेल्या दोघांना पुण्याच्या सत्र न्यायालयाने १९९८ मध्ये फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयानेही शिक्कामोर्तब केले. त्या दोघांपैकी एकाचे नाव खटल्यात नारायण चेतनराम चौधरी असे होते. तपासाच्या कागदांत त्याचे वय विशीच्या पुढचे लिहिलेले होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्याच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला की, गुन्ह्याच्या वेळी तो बालक होता. न्यायालयाने २०१९ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करण्यास सांगितले. राजस्थानातील बिकानेर जिल्ह्यातील त्याच्या गावच्या शाळेच्या दाखल्यात नाव होते निरानाराम आणि जन्मतारीख होती १ फेब्रुवारी १९८२. हा निरानाराम म्हणजेच खटल्यातील नारायण, असे चौकशीत निष्पन्न झाले. याचा अर्थ घटनेच्या दिवशी त्याचे वय साडेबारा वर्षे होते. २७ मार्च २०२३ रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ, न्यायमूर्ती अनिरुद्ध बोस आणि न्यायमूर्ती हृषिकेश रॉय यांच्या पीठाने हे मान्य करून त्याच्या सुटकेचा आदेश दिला. तोपर्यंत तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ कैदेत होता आणि त्यातील बहुतेक वर्षे फाशीच्या छायेत. न्यायालयाने त्याला निर्दोष म्हटले नाही. बालकाला ही शिक्षा देताच येत नव्हती, एवढेच म्हटले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. १९९४ साली देशात कायदा नव्हता असे नाही. १९८६ चा बाल न्याय अधिनियम तेव्हा लागू होता. त्यानुसार सोळा वर्षांखालील मुलाला फाशीच काय, साधा तुरुंगवासही देता येत नव्हता. कायदा पुस्तकात होता आणि शाळेची नोंद गावात होती. दोहोंची गाठ पडायला अठ्ठावीस वर्षे लागली. मुलाला गुन्हेगार म्हणून कायमचे मिटवून टाकणे किती सोपे असते, हे यावरून समजते. या काळात तो माणूस मात्र तसाच राहिला नाही. तुरुंगात राहून तो शिकला, समाजशास्त्रात एम. ए. झाला. फाशी वेळेवर झाली असती, तर हे कोणालाच कळले नसते.

आजचा कायदा

आज आपल्याकडे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ लागू आहे. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत जे भीषण बलात्कार व खून प्रकरण घडले, त्यातील एक आरोपी अठराला काही महिने कमी होता. त्याला त्या वेळच्या कायद्याप्रमाणे तीन वर्षे विशेष गृहात ठेवून डिसेंबर २०१५ मध्ये सोडण्यात आले. लोकांचा संताप झाला. त्याच महिन्यात संसदेने नवा कायदा संमत केला आणि १५ जानेवारी २०१६ पासून तो अमलात आला. त्यातील मुख्य गोष्टी अशा :

पहिली गोष्ट, अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्यांपैकी निदान एक स्त्री असावी लागते.

दुसरी गोष्ट, सर्वसाधारणपणे मंडळ मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवू शकते. परंतु मुलगा सोळा ते अठरा वर्षांचा असेल आणि गुन्हा घोर स्वरूपाचा, म्हणजे किमान सात वर्षे शिक्षेचा असेल, तर मंडळ त्याची प्राथमिक तपासणी करते. त्याची शारीरिक व मानसिक कुवत, परिणामांची समज आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला हे पाहून प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठविता येते. तेथे प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो.

तिसरी गोष्ट, असा दोषी ठरलेला मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत तुरुंगात नव्हे, तर 'सुरक्षित स्थळी' राहतो. तेथे शिक्षण, कामाचे कसब, समुपदेशन द्यावे लागते. एकविसाव्या वर्षी न्यायालय पुन्हा पाहते. तो बदलला असेल, तर देखरेखीखाली सोडता येते. नसेल, तर उरलेली शिक्षा भोगण्यास तुरुंगात पाठविता येते.

चौथी गोष्ट आपल्या विषयाचा गाभा आहे. कलम २१ स्पष्ट सांगते की, कायद्याशी संघर्षात आलेल्या कोणत्याही बालकाला फाशी देता येणार नाही आणि सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेपही देता येणार नाही. म्हणजे जन्मठेप होऊ शकते, पण दाराला कायमचे कुलूप लावता येत नाही. संतापाच्या भरात केलेल्या कायद्यातही संसदेने हे एक दार मोकळे ठेवले, ही गोष्ट मोलाची आहे.

जगात काय घडले

संयुक्त राष्ट्रसंघाने १९८९ मध्ये बालहक्क संहिता मंजूर केली. तिच्या कलम ३७ मध्ये हाच नियम आहे. भारताने डिसेंबर १९९२ मध्ये ती स्वीकारली. जगातील जवळजवळ सर्व राष्ट्रांनी तिला मान्यता दिली. अमेरिकेने सही केली, पण मान्यता मात्र अद्याप दिलेली नाही.

त्याच अमेरिकेत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनाही पॅरोलविना जन्मठेप देण्यात येत असे. २००५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीनांची फाशी बंद केली. २०१० मध्ये खुनाशिवाय इतर गुन्ह्यांत त्यांना पॅरोलविना जन्मठेप देणे घटनाबाह्य ठरविले. २०१२ मध्ये मिलर खटल्यात सांगितले की, खुनातही अल्पवयीनाला अशी शिक्षा आपोआप देता येणार नाही, त्याच्या वयाचा विचार करावाच लागेल. हा नियम २०१६ मध्ये जुन्या कैद्यांनाही लागू झाला. ज्याच्या खटल्यात तो लागू झाला, त्या हेन्री माँटगोमेरीने १९६३ मध्ये सतरा वर्षांचा असताना एका पोलीस अधिकाऱ्याचा जीव घेतला होता. तो २०२१ मध्ये बाहेर आला, तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता. सतराव्या वर्षी आत गेलेला मुलगा आणि पंचाहत्तराव्या वर्षी बाहेर आलेला म्हातारा यांना एकच माणूस म्हणावे काय? तरीही अमेरिकेतील काही राज्यांत ही शिक्षा आजही दिली जाऊ शकते.

मग ज्यांचा जीव गेला त्यांचे काय?

हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. आपल्या समाजाला तर तो मुळीच टाळता येणार नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा विदर्भातील गावागावांतून मोर्चे निघाले. भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या सक्तमजुरीवर आणली, तेव्हा आपल्यापैकी कितीकांना अन्न गोड लागले नाही. तो खटला प्रौढांचा होता, पण त्या दिवसांतील आपला राग आपल्याला ठाऊक आहे. म्हणून दुसऱ्याच्या रागाला आपण अडाणीपणा म्हणू नये.

परंतु राग आणि न्याय यांत फरक आहे. पीडितांना काय हवे असते? गुन्हेगार पकडला जावा, खटला लवकर चालावा, साक्षीदार फुटू नयेत, कुटुंबाला आधार मिळावा आणि तसे पुन्हा घडू नये. यांपैकी एकही गोष्ट मुलाला मरेपर्यंत कोंडल्याने आपोआप साध्य होत नाही. परवा-परवापर्यंत आपल्या सिंदीच्या तान्ह्या पोळ्यात लाकडी नंदी ओढणारा मुलगा चार-पाच वर्षांत वाईट संगतीने, दारूने, घरातील मारहाणीने कोठल्या कोठे जातो, हे आपण पाहतो. या वयात साहस अधिक आणि विचार कमी असतो, मोठ्यांच्या व मित्रांच्या नादाने मूल वाहवते, हे मानसशास्त्रही सांगते. म्हणूनच अठरा वर्षांखालील व्यक्तीला आपण मत देऊ देत नाही, मोटारीचा परवाना देत नाही, करारावर तिची सही चालवीत नाही. चांगल्या कामाला जे वय अपुरे, ते शिक्षेपुरते पुरे कसे होईल?

याचा अर्थ शिक्षाच नको, असा नव्हे. घोर गुन्हा करणाऱ्या मुलाला दीर्घकाळ समाजापासून दूर ठेवावे लागेल. तो बदलला नाही, तर आणखी ठेवावे लागेल. पण तो बदलला की नाही, हे पाहण्याची तारीख ठरलेली असावी. ती तारीखच काढून टाकू नये, एवढेच म्हणणे आहे.

अंगुलिमालाचा धडा

अंगुलिमालाची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. ती मज्झिम निकायात आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनीही पतित आणि गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेच्या प्रकरणात तिला स्थान दिले. ज्याच्या भीतीने गावे ओस पडली, त्याच्याकडे बुद्ध एकटे चालत गेले आणि तो भिक्खू झाला. कोसलचा राजा प्रसेनजित सैन्य घेऊन त्याला पकडण्यास निघाला होता. बदललेला अंगुलिमाल पाहून तो माघारी गेला.

पण कथा येथे संपत नाही. आपण तिचा उत्तरार्ध फारसा सांगत नाही. भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालाला लोकांनी दगड-काठ्यांनी मारले. डोके फुटले, भिक्षापात्र मोडले. बुद्धांनी लोकांना दोष दिला नाही. हे तुझ्याच कर्माचे फळ आहे, ते सहन कर, असे त्यांनी त्याला समजाविले. विनयपिटकात आणखी एक गोष्ट आहे. अशा दरोडेखोराला संघात घेतल्याबद्दल लोकांनी तक्रार केली, तेव्हा बुद्धांनी नियम केला की, यापुढे कुख्यात चोराला प्रव्रज्या देऊ नये. म्हणजे लोकांची भीती त्यांनी खरी मानली आणि पुढची काळजी घेतली. पण अंगुलिमालाला संघाबाहेर काढले नाही.

जबाबदारी, समाजाचे संरक्षण आणि बदलाची संधी, या तिन्ही गोष्टी त्या एका कथेत आहेत. सम्राट अशोकानेही स्तंभलेखात फाशी ठरलेल्यांना तीन दिवसांची मुदत दिल्याचे व राज्यकाळात पंचवीस वेळा बंदी मुक्त केल्याचे कोरून ठेवले आहे. अशोकाने तुरुंग मोडून टाकले नाहीत, पण त्यांचे दार अधूनमधून उघडत ठेवले.

आपण काय करावे?

येथे माझ्या कामाचा थोडा संबंध येतो. मी बँकेत कारकून आहे. खाते उघडताना जन्मतारखेचा पुरावा तपासणे हे रोजचे काम. आपल्या भागातील मध्यमवयीन खातेदारांच्या कागदांत १ जून आणि १ जुलै या तारखा इतक्या सापडतात की, जणू अर्धे गाव त्याच दोन दिवशी जन्मले. शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी अंदाजाने लिहीत. पहिलीत लवकर बसावे म्हणून कोणी वर्ष वाढवून सांगे. एकदा एका माउलीला मुलाची तारीख विचारली, तर ती म्हणाली, "कापूस वेचणीत झाला जी भाऊ, साल काई ध्यानात नाही." दाखल्यावर मात्र १ जून होते. वेचणी दिवाळीच्या सुमारास असते. तिचे म्हणणे खरे असेल, तर तो मुलगा कागदावर निदान पाच-सहा महिन्यांनी चुकीचा होता. बँकेत याने फारसे बिघडत नाही. फौजदारी न्यायालयात पाच महिन्यांच्या फरकाने मुलगा निरीक्षणगृहात जाईल की मोठ्यांच्या तुरुंगात, हे ठरते.

कारण २०१५ च्या कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे वय ठरविताना प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र पाहतात. ते नसेल, तर नगर परिषद वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी होते आणि तिच्यात एक-दोन वर्षे इकडेतिकडे होऊ शकतात. आपण बालक होतो, हा दावा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, निकाल लागल्यानंतरही करता येतो. पण दावा करणारा कोणी तरी पाहिजे. १९ मे २०२४ रोजी पुण्यातील कल्याणीनगरमध्ये एका सतरा वर्षांच्या मुलाच्या महागड्या मोटारीने दोघांचा जीव घेतला. त्याच दिवशी वकील उभे राहिले आणि तीनशे शब्दांच्या निबंधासह काही अटींवर जामीन झाला. देशभर संताप उसळला. पण त्यातून काढायचा धडा 'सर्व मुलांना कायमचे कोंडा' हा नव्हे. जे संरक्षण श्रीमंताच्या मुलाला काही तासांत मिळते, ते मजुराच्या मुलालाही मिळाले पाहिजे, हा तो धडा आहे.

म्हणून आपल्या संस्थेच्या सभासदांना काही नम्र सूचना कराव्याशा वाटतात. जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत करून दाखला घ्यावा. वर्ष उलटल्यावर नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची पायपीट करावी लागते. शाळेत नाव घालताना त्याच दाखल्यावरून तारीख लिहून घ्यावी. वय वाढवू नये, कमीही करू नये. वस्तीतील एखादा मुलगा पोलिसांनी नेला, तर पालकांनी घाबरून घरी बसू नये. वयाचा कागद घेऊन त्याच दिवशी जावे. मुले, स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील देण्याची तरतूद १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. त्यासाठी १५१०० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे दूरध्वनी क्रमांक विहाराच्या फलकावर लिहून ठेवावेत. गुन्ह्यात सापडलेल्या मुलाचे नाव वा छायाचित्र प्रसिद्ध करणे कलम ७४ ने गुन्हा आहे. मोबाईलवरून ते पुढे पाठविण्याचा मोह टाळावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सुधारगृहातून परत आलेल्या मुलाला शाळेत व कामावर घेताना दार लावू नये. कायद्याने उघडे ठेवलेले दार गावाने बंद केले, तर कलम २१ चा काही उपयोग नाही.

आणि ज्या घरातील माणूस गेला, त्या घरीही आपण गेले पाहिजे. खटल्याच्या तारखांना सोबत गेले पाहिजे. करुणा एकाच बाजूला वाटण्याची वस्तू नाही.

आपले विद्यार्थी उद्या वकील होतील, शिक्षक होतील, कोणी न्यायाधीशही होतील. शाळेच्या हजेरीपटावर जन्मतारीख लिहिणारा हातही त्यांच्यातलाच असेल. ती तारीख लिहिताना त्यांनी बिकानेर जिल्ह्यातील त्या शाळेची आठवण ठेवावी, एवढीच अपेक्षा.

जय भीम! नमो बुद्धाय!